पाचशे कोस

१४ जून १९६९

हे ‘चला’ म्हणाले!

पुन्हा नीट लिहिते, म्हणजे उद्या वाचताना खरं वाटेल. दुकान बंद करून आले, हातपाय धुतले, ताटावर बसले. मी वाढता वाढता म्हटलं — वच्छलाचं पत्र आलंय. अंदमानला बोलावते. दिवाळीनंतर, आठ दिवस. दोघंच या म्हणते. हे वरणात फुलका कुस्करत होते. ‘चला’ म्हणाले. मग ‘मीठ’ म्हणाले.

मीठ जरा जास्तच पडलं माझ्या हातून. खाल्लं गुपचूप.

१५ जून

दुपारचे तीन. सगळे झोपलेत. ही वही प्रमिलाची, सासरी जाताना अर्धी कोरी टाकून गेली. लपवून ठेवायची गरज नाही. या घरात मराठी बोलतात सगळ्या बायका, पण लिहिता-वाचता मलाच येतं. धुळ्याला वडिलांनी सातवीपर्यंत कन्याशाळेत घातलं. तिथेच वच्छला भेटली — सोनगीरची, मामाकडे शिकायला राहिलेली. एका बाकावर चार वर्षं. तिचा नवरा जंगलखात्यात आहे, पाच वर्षांपासून पोर्ट ब्लेअरला. दर पत्रात शेवटची ओळ तीच — लाडू, एकदा ये.

मी दर वेळी लिहायची, बघू. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तेवीस वर्षं बघतेच आहे.

गावाला गेले नाही असं नाही. लग्नाला गेले, कुणी वारलं तर बसायला गेले, साधू-साध्वींच्या दर्शनाला गेले. प्रत्येक गावी एक स्वयंपाकघर असतं आणि मी पोचले की तिथल्या बायकांना हायसं वाटतं. नुसतं जायचं म्हणून कुठे गेले? कुठेच नाही. ह्यांच्याबरोबर दोघंच कुठे गेलो? दाताच्या डॉक्टरकडे, भुसावळला. दात ह्यांचा.

२३ जून

प्रमिलाचं शाळेतलं नकाशांचं पुस्तक सापडलं. अंदमान म्हणजे निळ्यावर सांडलेली खसखस. बोटाने वाट काढली — जळगाव, नागपूर, कलकत्ता रेल्वेने. पुढे बोट. तीन-चार दिवस नुसतं पाणी.

जेवताना ह्यांना दाखवलं. चष्मा लावून पाहिलं. ‘लांब आहे’ म्हणाले. मी म्हटलं, म्हणून तर. कलकत्त्याला बडाबाजारात ह्यांचे काका सोहनलालजी आहेत, ते बोटीची तिकिटं काढून देतील. हे ‘लिहितो त्यांना’ म्हणाले. मी बोलतच राहिले. फुलके गार झाले तरी हे उठले नाहीत.

पाच वर्षांपूर्वी बाजारातले कापडवाले मिळून सिलोनला गेले होते. ह्यांनी पित्त झालंय म्हणून घरी बसणं पसंत केलं. आता चला म्हणतात! माणूस बदलतो तर.

९ जुलै

सकाळी चौदा माणसांचं. मध्ये सासूबाईंचं पाणी उकळून, गाळून, गार करून. दुपारी खाकरे. मग संध्याकाळचं — आमच्यात दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकावी लागतात, म्हणून चारपासून परत चूल. गुडघे बोलायला लागलेत. जाऊ धनकुंवरचं डोकं दुखत होतं. तिचं डोकं साडेतीनला दुखतं, रोज.

वच्छलाचं पत्र. सगळं विचारते — तुझ्यासाठी नवी भांडी घेते, घरातल्या भांड्यांत मासे शिजतात, ती तुला चालायची नाहीत. पाणी उकळून देईन. कांदा-लसणाचं सांग. आणि एक ओळ अशी की मी तीनदा वाचली. ‘इथे हिवाळ्यात पाचलाच दिवस मावळतो.’

पाचला! म्हणजे पाचच्या आत जेवणं, आणि पाचला स्वयंपाकघर बंद. मग झोपेपर्यंत करायचं काय? काहीच नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचं. हे शेजारी बसतील. बोललो तर बोललो. आठ दिवस असं. मला समुद्रबिमुद्र नको, मला ते पाच ते नऊ हवेत.

२२ जुलै

माणूस चंद्रावर उतरला. रेडिओवर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, ‘साफ खोटं आहे. शास्त्रात चंद्र कुठे आहे ते लिहिलंय. तिथे असं कुणालाही जाता येत नाही.’ अंदमानचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. चंद्राचं शांत होऊ द्यावं म्हणते.

२४ जुलै

भिकुबाईला आधी कळलं. पिंप्राळ्याहून चालत येते, भांडी-धुणं करते, तिला माझं तोंड पाहून सगळं कळतं. नकाशाचं पुस्तक राखेच्या हाताने धरून पाहिलं.

‘भाभी, चारीमेर पानी शे?’

म्हटलं, हो.

‘मंग तठे पाहुना कसा येतीन?’

म्हटलं, येतच नाहीत. ती बराच वेळ हसली. ‘तुम्हीन जा भाभी. मी बठ्ठं सांभाळसू.’

३० जुलै

चातुर्मास बसला. आमच्या जैन स्थानकात या वर्षी तीन महासतीजी, म्हणजे साध्वी, उतरल्यात. रोज सकाळी व्याख्यान, घरी पाहुणे, दर्शनाला आलेल्यांची जेवणं. चार महिने आता कुणी लांबच्या प्रवासाला जायचं नाही. कार्तिकी पुनवेनंतर आम्ही मोकळे.

सासूबाईंना सांगितलं. म्हणजे ह्यांनी सांगितलं, मी दाराआड होते. त्या म्हणाल्या, ‘तिथे काय आहे? देरासर आहे? स्थानक आहे?’ हे म्हणाले, नाही. ‘मग कशाला?’ पण सासूबाई नाही म्हणाल्या नाहीत, तेवढं पुरे.

१० सप्टेंबर

उद्या पोळा. प्रमिलाला आज एकवीस पुरी झाली. धुळ्याला झाली ती, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बाहेर बैलांच्या घुंगरांचा गलका आणि मी बाजेवर. मालेगावला पत्र टाकलं तिला. तिनेही विचारलंय, ‘आई, तू खरंच एकटी पप्पांबरोबर राहणार आठ दिवस? बोलणार काय तुम्ही?’

आगाऊ आहे. पण विचारात पाडलं मेलीने. बोलणार काय?

२ ऑक्टोबर

थकले. दुसरं काही लिहायला नाही.

१४ ऑक्टोबर

तिकिटं आली! रजिस्टर पोस्टाने, सोहनलालजींकडून. एकोणतीस नोव्हेंबरची बोट, डेकवर नाही, खोलीतली. तिकिटावर माझं नाव वेगळं छापलंय — लाडकुंवर. आजवर रेशनकार्डावर पाहिलं होतं, तेही ह्यांच्या खाली.

साड्यांना फॉल लावायला घेतले. चप्पल नवी घ्यावी लागेल, वाळूत चालेल अशी. वाळूत काय चालतं ते धनकुंवरला विचारलं तर ती म्हणाली, ‘मला काय माहीत? मला कोण नेतंय?’ वाईट वाटलं. पण फार वेळ नाही.

२१ ऑक्टोबर

संपलं सगळं.

दिवाळीची साफसफाई. सासूबाईंची पेटी उन्हात काढली. त्यांनी तळातून कापडात बांधलेली एक वही काढली आणि मला बोलावलं. चांगल्या आवाजात बोलावलं, रागाने नाही. म्हणाल्या, ‘मला कालपासून काहीतरी आठवत होतं. बघ बरं, तुमचं दिशा-परिमाण आहे ना?’

दिशा-परिमाण म्हणजे कुठल्या दिशेला किती लांब जाईन याची मर्यादा. साधू-साध्वींच्या समोर हात जोडून घेतात, मग जन्मभर पाळायची. आमच्यात पुष्कळांचं असतं. मर्यादेच्या आत जो काय पापाचा धंदा होईल तो होवो, बाहेरचं तरी आपल्या माथी नाही, असं त्यामागे आहे. सासूबाईंचं स्वतःचं पन्नास कोस. धुळे, मालेगावपर्यंत गेल्या असतील, पुढे नाही.

वही जुन्या मुनीमजींच्या अक्षरात. संवत २००५, भादवा सुदी पाचम. एका पानावर ह्यांचं नाव, समोरच्या पानावर माझं. चारी दिशांना पाचशे कोस. वर अर्धा कोस, खाली विहिरीपुरतं.

मला आठवेचना. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची. सासूबाई म्हणतील तिथे हात जोडायची. जोडले असतील.

पाचशे कोस म्हणजे हजार मैल. कलकत्ता साडेनऊशे. उरलेले पन्नास मैल बंदरातून बाहेर पडता पडताच संपतील. म्हणजे मी बोटीपर्यंत जाऊ शकते, फक्त बोटीत बसू शकत नाही.

हे दुकानातून आले तेव्हा सासूबाईंनी वही दाखवली. ह्यांनी पाहिली, मिटली, परत दिली. ‘हो’ म्हणाले. जेवले.

२२ ऑक्टोबर

चंद्रावर जायलाही मला मनाई आहे. वर अर्धाच कोस.

२६ ऑक्टोबर

अनारसे, शेव, पापड्या. कुणी अंदमानचं नाव काढत नाही. भिकुबाईने एकदा विचारलं, ‘भाभी, काय व्हयनं?’ तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘एवढी मोठी दुन्या, अन् तुम्हले दोरी बांधेल शे का?’ म्हटलं, मीच बांधलीय बाई, असं दिसतंय.

व्रत मोडायचा विचार आला नाही असं नाही. आला. पण एकदा मोडलं की पुढे उपास धरताना, पाणी गाळताना, सगळं करताना वाटत राहणार की हे सोंग आहे. ते मला नको. तेवढं एकच तर माझं आहे.

११ नोव्हेंबर, धुळे

भाऊबीजेला आले. दोन दिवस. इथे मला कुणी चुलीपाशी जाऊ देत नाही, आई ओरडते.

आज दुपारी आई जुनी बाज उन्हात टाकत होती. ढेकूण झालेत म्हणून. म्हणाली, ‘याच बाजेवर प्रमिला झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली अन् पाचमीला सटी पुजली. तुला ताप भरला होता, बसता येत नव्हतं, मी मागून धरलं होतं तुला.’

पाचमी. वहीतली, त्याच वर्षीची भादव्याची सुदी पाचम.

मी आईला परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चिडली. ‘मुलीची सटी मी विसरेन का?’

मी जळगावला नव्हतेच! त्या दिवशी मी धुळ्याला होते, या बाजेवर, सहा दिवसांची पोर घेऊन. मी कुणापुढे हात जोडले नाहीत. मी एक अक्षर उच्चारलं नाही. सासूबाईंनी सांगितलं असेल, दोघांचं लिहा. मुनीमजींनी लिहिलं. आणि वहीत आहे म्हणजे आहे, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा!

हसू येतंय आणि बाजेवर डोकं आपटावंसंही वाटतंय.

१३ नोव्हेंबर, जळगाव

स्थानकात गेले. मोठ्या महासतीजींना विचारलं. त्यांनी वहीकडे पाहिलंही नाही. ‘ज्याने आपल्या तोंडाने घेतलं त्याचंच ते. दुसऱ्याच्या नावाने उपास होतो का?’ मग म्हणाल्या, ‘पण श्रावकजींनी स्वतः घेतलं असेल तर त्यांचं आहे.’

ह्यांचं व्रत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. प्रमिलाच्या सटीची तिथी सांगितली. त्या बोटांवर मोजत बसल्या. चेहरा उतरला. म्हणाल्या, ‘खरं आहे. तू नव्हतीस. मला वाटलं, घरचं एक पुण्याचं काम, तुझंही होऊन जाऊ दे.’ मग म्हणाल्या, ‘म्हणजे एकवीस वर्षं तू उगाच पाळलंस.’

म्हटलं, पाळलं कुठे? कुणी नेलंच नाही.

बोलायला नको होतं. पण बोलून गेले.

१४ नोव्हेंबर

आज ह्यांना गाठलं, दुकानात जायच्या आधी, चपला घालताना. सरळ विचारलं. तुमचं व्रत तुम्हाला आठवत होतं?

‘हो.’

सिलोनला पित्त नव्हतं?

‘नव्हतं.’

मग जूनमध्ये मला चला का म्हणालात?

हे एक चप्पल घालून उभे. म्हणाले, ‘तू विचारलंस तेव्हा तुझा चेहरा पाहिला. नाही कसं म्हणणार? मग तू नकाशा आणलास. जेवताना बोलायला लागलीस. इतक्या वर्षांनी. म्हटलं, चालू दे जोवर चालतंय.’

पाच महिने! फॉल लावले मी साड्यांना. वच्छलाने भांडी घेतली. ह्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की बोट आपल्याशिवाय सुटणार आहे, आणि माझं बोलणं ऐकत बसले, कीर्तनाला बसल्यासारखे.

राग आला. फार आला. दिवसभर कुणाशी बोलले नाही. आणि राग येता येता हेही येत होतं मनात, की ह्यांना माझं बोलणं आवडत होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता हा राग ठेवू कुठे?

१६ नोव्हेंबर

हे म्हणतात, ‘तू जा. तुझं व्रत नाही.’

एकटी? मी एकटी तर पोस्टातही गेलेले नाही. आणि कशासाठी? पाच ते नऊ मला खुर्ची टाकून बसायचं होतं ते ह्यांच्या शेजारी. नुसती खुर्ची इथेही आहे.

वच्छलाला लिहिलं. येत नाही, भांडी राहू दे, पुढे बघू. पाकीट ह्यांच्याकडे दिलं टाकायला. तिकिटांचंही मी बघतो म्हणाले.

बघू हा शब्द परत लिहिला मी.

२३ नोव्हेंबर

कार्तिकी पुनव. चातुर्मास उठला.

हे म्हणाले, ‘कलकत्त्यापर्यंत जाऊन येऊ. तेवढं बसतं पाचशे कोसांत. सोहनलालकाकांनी बोलावलंय.’ मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही ताकद लागते. बडाबाजारात सोहनलालजींचं बारा माणसांचं घर आहे, म्हणजे तिथेही स्वयंपाकघर आलंच. खाकरे, दशम्या, सुकी चटणी करून घेतली. सासूबाई म्हणाल्या, जास्त कर. केली. फॉल लावलेल्या साड्या ह्यांनीच ट्रंकेत भरल्या, घड्या मोडून. दुकानदार असून साडीची घडी येत नाही.

निघताना सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, सहसा ठेवत नाहीत. म्हणाल्या, ‘वेळेत जेव. तिकडे पाचलाच मावळतो म्हणे.’

कलकत्त्याला पाचला मावळतो का? असेल.

२५ नोव्हेंबर, कलकत्ता

माणसं, माणसं, माणसं. पोचल्या पोचल्या सोहनलालजींच्या सुना म्हणाल्या, भाभीजी, खान्देशी भरीत करून दाखवा ना!

२९ नोव्हेंबर १९६९

बोटीत.

ह्यांनी बंदर बघायला म्हणून आणलं. ट्रंक कशाला बरोबर, तेही मी विचारलं नाही, इतकी दमले होते. शिडीपाशी थांबले. खिशातून माझं तिकीट काढलं आणि वच्छलाचं पाकीट. ‘टाकायचं राहिलं’ म्हणाले. ‘ती उतरवून घ्यायला येईल. मी इथेच आहे, तू परत येईपर्यंत.’ मी रागावले, मग रडले, लोकांसमोर. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘आल्यावर सगळं सांग. रोज थोडं थोडं.’ ट्रंक उचलून शिडीच्या पहिल्या पायरीवर ठेवली. स्वतः पाय ठेवला नाही.

वरून पाहिलं. हात हलवला नाही त्यांनी, घड्याळ दाखवलं. पाचला थोडा वेळ होता. दशमी सोडली, कठड्यापाशी उभ्याने खाल्ली, पाणी प्यायले. धक्का लांब गेला. हे अजून तिथेच होते, ठिपक्याएवढे.

दिवस मावळला. आता काही करायचं नाही.